कापसाचा भाव आणि घराची भिंत

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण ज्यानें काढली तो आपल्यासारखाच कास्तकार असला पाहिजे. पगारदारालाही घर बांधण्याची धास्ती असते. पण पहिल्या तारखेला हातांत काय पडणार, हें त्याला आधीं ठाऊक असतें. आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतला कास्तकार मात्र वावरांत बोंड फुटून कापूस विकला जाईपर्यंत आपल्या घरावर यंदा छप्पर चढणार कीं ताडपत्रीच राहणार, हें सांगूं शकत नाहीं. त्याच्या घराच्या भिंतीची उंची गवंडी ठरवीत नाहीं. कापसाचा भाव ठरवितो. आणि तो भाव ठरविणारा माणूस त्यानें जन्मांत कधीं पाहिलेला नसतो. हा न दिसणारा माणूस कोण, तो आपल्या घरांतून काय उचलून नेतो, आणि त्याला अडविण्याचा कांहीं उपाय आहे कीं नाहीं, याचा विचार आज आम्ही आमच्या वाचकांपुढें मांडीत आहों.

ही गोष्ट आजकालची नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तेथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्यांची नजर आमच्या वऱ्हाडावर पडली. भाव आकाशाला भिडले. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि भाव जसे चढले तसेच कोसळले. चढत्या भावाच्या भरंवशावर ज्यानें कर्ज काढलें, तो उतरत्या भावांत सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसला. युद्ध कोणाचें, तोफा कोणाच्या, आणि मेला कोण! १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं किलिक निक्सन या विलायती कंपनीनें मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची गाडी आणली. तिलाच आपण शकुंतला म्हणतों. या गाडीचें वाफेचें इंजिन १९२१ सालीं मँचेस्टरांत बनलेलें होतें आणि तें १९९४ पर्यंत चाललें. आमचा कापूस मँचेस्टरला गेला. तिकडून आलें काय? विणलेलें कापड, आणि उरलेला कापूस ओढून नेणारें इंजिन. आमच्या कोष्ट्याचा माग तेवढा बंद पडला. १९२९ सालीं अमेरिकेचा शेअरबाजार बुडाला, त्याचे चटके वऱ्हाडच्या वावरापर्यंत येऊन पोंचले. कर्जाखालीं दबलेल्या रयतेसाठीं मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारला १९३३ सालीं कर्ज-तडजोडीचा कायदा करावा लागला.

इंग्रज गेला, पण तराजू गेला नाहीं. १९७२ पासून महाराष्ट्र सरकारनें कापसाची एकाधिकार खरेदी चालविली. तिच्यांत चुकारे लांबत, प्रतवारीचे तंटे होत, हें आम्हांला ठाऊक आहे. तरी सरकारच्या कांट्यावर गेलेल्या मालाला एक ठरलेला भाव होता. २००२ च्या सुमारास ती व्यवस्था मोडत गेली, आणि त्याच २००२ सालीं बीटी कापसाच्या बियाण्याला परवानगी मिळाली. म्हणजे बियाणें बाजाराचें झालें आणि विक्रीही बाजाराची झाली. पेरणारा तेवढा जुना राहिला. बोंडअळी मरेल, फवारा वाचेल, असें त्याला सांगितलें होतें. पण २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भाचें पीक खाल्लें, आणि त्याच वर्षीं फवारणीचें विष अंगांत भिनून आपल्या एकट्या यवतमाळ जिल्ह्यांत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. भाव मुंबईपलीकडे ठरतो, अळी वावरांत येते, आणि दोघींच्या मधें उभा असतो तो उघड्या अंगाचा माणूस.

आतां भाव ठरतो कसा तें पाहूं. रुईचा सौदा न्यूयॉर्कच्या वायदेबाजारांत होतो. तेथें अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया येथील मालाचा अंदाज घेऊन आंकडा निघतो, आणि त्या आंकड्याची सावली वणी, पांढरकवडा, राळेगांव, घाटंजी, दारव्हा येथील जिनांवर पडते. अमेरिकेचा कापूसवाला हजारों एकरांचा धनी. शिवाय त्याला सरकारी तिजोरींतून मदत मिळते. त्या मदतीमुळें जगाचा भाव पडतो, अशी तक्रार ब्राझीलनें २००२ सालीं जागतिक व्यापार संघटनेपुढें नेली, ती जिंकली, आणि २०१४ सालीं अमेरिकेनें ३० कोटी डॉलर देऊन तें भांडण मिटविलें. आफ्रिकेंतील बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनींही २००३ पासून हीच ओरड चालविली आहे. त्यांना कोणी ३० कोटी डॉलर दिले नाहींत. कां? ब्राझीलजवळ वकील होते, आंकडे होते, आणि अमेरिकेच्या मालावर उलट जकात बसविण्याची ताकद होती. न्याय ज्याच्या बाजूला असतो त्याला तो मिळतोच असें नाहीं. तो मागण्यासाठीं दंडांत बळ आणि डोक्यांत विद्या लागते. मालीचा कापूसवाला आणि मारेगांवचा कापूसवाला एकमेकांची भाषा जाणत नाहींत, पण दोघांचें रडगाणें एकच आहे.

आपल्या घरच्या सरकारचीही एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. परदेशी कापसावर २०२१ पासून ११ टक्के जकात होती. १९ ऑगस्ट २०२५ रोजीं केंद्र सरकारनें ती उठविली. प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत, आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. त्याच ऑगस्टच्या २७ तारखेपासून अमेरिकेनें आपल्या देशाच्या मालावर ५० टक्के जकात लादली होती, आणि तिरुपूरसारख्या ठिकाणच्या कापड कारखान्यांवर संकट आलें होतें. गिरणीवाल्यांना स्वस्त कापूस मिळावा, हा सरकारचा हेतु. गिरणींतला मजूर आमचाच भाऊ आहे. त्याची चूल विझावी असें आम्ही म्हणणार नाहीं. पण ऑक्टोबर ते डिसेंबर हे तर आमच्या वेचणीचे महिने! पेरणी जूनमध्यें झाली, तेव्हां जकात होती. तिच्या हिशेबानें कास्तकारानें बियाणें घेतलें. माल घरांत येण्याच्या वेळीं दार उघडून परका कापूस आंत घेतला. अमेरिकेनें मारलेला फटका कोणीतरी झेलायचा होता. तो वांटून घेण्याऐवजीं ज्याच्या पाठीवर आधींच ओझें होतें त्याच्याच पाठीवर टाकला. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलला तर त्याला शाळेंतलीं पोरेंसुद्धां चिडकेपणा म्हणतात.

आतां थोडें गणित करूं. त्रैराशिक येणाऱ्या कोणत्याही पोरानें तें पाटीवर मांडून पाहावें. २०२५-२६ च्या हंगामासाठीं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलाला ८,११० रुपये जाहीर झाला. समजा, कोरडवाहू एकरांत पांच क्विंटल कापूस झाला आणि गरजेपोटीं तो व्यापाऱ्याला ७,००० रुपयांनीं दिला. हातीं आले ३५,००० रुपये. बीटी बियाण्याच्या पाकिटाचा त्या सालचा सरकारी कमाल दर ९०१ रुपये. दोन पाकिटांचे १,८०२. वेचणी किलोला १० रुपये धरली तर पांच क्विंटलांची ५,०००. नांगरणी, डवरणी, निंदण, खत, फवारा, वाहतूक मिळून १६,००० धरा. खर्च झाला २२,८०२. उरले १२,१९८. पांच एकरांचे झाले ६०,९९०. यांत नवरा-बायकोची वर्षभराची मजुरी नाहीं, सावकाराचें वा बँकेचें व्याज नाहीं, दुबार पेरणी नाहीं, डुकरांनीं तुडविलेलें तास नाहीं. हें सुखाच्या वर्षाचें गणित आहे!

आणि आतां दुसरें गणित. हमीभाव मिळाला असता तर क्विंटलामागें १,११० रुपये अधिक मिळाले असते; पांच एकरांच्या पंचवीस क्विंटलांवर २७,७५०. हा आंकडा ध्यानांत ठेवा. पंतप्रधान आवास योजनेंत सपाट भागांतल्या घरकुलाला केंद्र-राज्य मिळून १ लाख २० हजार रुपये मिळतात. हा आंकडा २०१६ सालीं ठरला, आणि २०२४ सालीं आणखी घरें मंजूर करतांनाही तोच ठेवला. त्या आठ वर्षांत सिमेंट, लोखंड आणि गवंड्याची रोजी थांबून राहिली होती काय? ही अडचण ओळखून महाराष्ट्र सरकारनें २०२५ सालीं आपल्याकडून ५० हजारांची भर घातली. त्यांतले १५ हजार सूर्यप्रकाशाच्या विजेसाठीं आणि ३५ हजार बांधकामासाठीं. चांगलें केलें. पण हिशेब पाहा: सरकार एका हातानें घराला ३५ हजार देतें, आणि बाजार त्याच घरांतून एका हंगामांत २७,७५० काढून नेतो. देणारा हात फोटोंत दिसतो. नेणारा हात दिसत नाहीं.

हमीभाव आहे, मग तो मिळत कां नाहीं, असें शहरांतले लोक विचारतात. त्यांनीं एकदां दिवाळीच्या दिवसांत खेड्यांत येऊन पाहावें. सरकारी खरेदींत ८ टक्के ओलाव्याला पुरा भाव, १२ टक्क्यांपर्यंत काटछाट, आणि त्याच्या वर माल परत. परतीच्या पावसांतली पहिली वेचणी ओली नसेल तर काय असेल? भारतीय कपास निगमनें २०२५ च्या हंगामापासून मोबाइलवर नोंदणी आणली. ज्याच्या नांवें सातबारा, त्याचें काम होतें. जो बटईनें वा मक्त्यानें दुसऱ्याचें वावर करतो, त्याचा घाम त्या सातबाऱ्यावर उमटत नाहीं. इकडे किराणेवाला, कृषिकेंद्रवाला, वेचणीच्या बाया सगळ्यांचे पैसे उभे. अशा वेळीं खेडा खरेदीवाला दारांत गाडी घेऊन येतो, कांटा आपलाच लावतो, आणि रोख नोटा मोजतो. कास्तकार मूर्ख म्हणून त्याला माल देत नाहीं. थांबण्याची ऐपत नाहीं म्हणून देतो. बाजारांत खरा धनी तोच, ज्याला थांबतां येतें.

बरें, जो थांबला त्याचें तरी काय झालें? २०२१-२२ च्या हंगामांत भाव १० हजारांच्या वर गेला; ज्यांनीं दिवाळीलाच विकला होता त्यांच्या हातीं तो लागला नाहीं. म्हणून पुढच्या हंगामांत लोकांनीं कापूस घरांत भरून ठेवला. दोन खोल्यांचें घर. एकींत छतापर्यंत कापूस आणि दुसरींत चूल, माणसें, पोरांचीं दप्तरें. कापसांतल्या किड्यांनीं अंगाला खाज सुटली, विस्तवाची भीति म्हणून रात्रीची झोंप गेली, आणि २०२३ च्या उन्हाळ्यांत भाव ७ हजारांच्या आसपास येऊन बसला. ज्या घरासाठीं कापूस पिकवायचा, त्या घरांतून माणसांना ओट्यावर काढून कापसाला आंत निजवायचें, ही केवढी थट्टा! गांवांत गोदाम नाहीं म्हणून घराचें गोदाम होतें.

घराविषयीं आणखी एक गोष्ट आमच्या कारागीर बंधूंसाठीं. पूर्वीं आपलीं घरें गांवच्याच हातांनीं उभीं राहत. माती नाल्याची, तुराट्या-पऱ्हाट्यांचा कूड, सागाचे वांसे सुताराच्या हातचे, कवेलू कुंभाराच्या भट्टींतले, बिजागरी लोहाराची. घरमालकाचा पैसा, नाहींतर ज्वारीचीं पायलीं, गांवांतल्या गांवांत फिरत. तें घर गळकें होतें, त्यांत विंचू निघत. त्याचे गोडवे आम्ही गाणार नाहीं. पक्कें घर बहुजनांच्या पोरांना मिळालेंच पाहिजे. पण आतां सिमेंट, सळई, टिनपत्रे आणि तयार लोखंडी दारें तालुक्याच्या दुकानांतून येतात. घर गांवांत उभें राहतें, पण घराचा पैसा गांवांत राहत नाहीं. कुंभाराची भट्टी थंड, सुतार शहरांत फर्निचरच्या दुकानीं मजूर. कापसाचेंही तेंच. एक क्विंटल कापसांतून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. रुई जाते कोइमतुराकडे, सरकी जाते तेलाच्या कारखान्याकडे, आणि तिचीच ढेप आपण आपल्या बैलासाठीं विकत आणतों. जो माल कच्चा विकतो आणि पक्का विकत घेतो, त्याच्या नशिबीं दोन्ही वेळां दुसऱ्याचा तराजू येतो.

जमिनीच्या भावाचा तमाशा याहून मोठा. यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड, कोठेंही गांवाबाहेर पाहा; काल जेथें तूर उभी होती तेथें आज चुन्याच्या रेघा आणि लेआउटची पाटी. कर्जानें टेंकीला आलेला कास्तकार वावर एकरानें विकतो. एकरांत ४३,५६० चौरस फूट असतात. पुढें पोराच्या शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं शहरांत खोली घ्यायची म्हणून तोच माणूस तीच जमीन फुटानें विकत घ्यायला जातो. एकरानें विकणारा आणि फुटानें घेणारा एकच. मधला फरक कोणाच्या घरीं गेला तें आम्ही सांगायला नको. शेतींत पैसा गुंतवून नफा नाहीं, कारखान्यांत गुंतवायची हिंमत नाहीं, म्हणून व्यापाऱ्याचा, कंत्राटदाराचा आणि बड्या पगारदाराचा पैसा प्लॉटांत जाऊन झोंपतो. प्लॉट रिकामा, भाव चढता, आणि भाड्याच्या खोलींत राहणारा मजूर मात्र घराबाहेर. पिकविणाऱ्याला पिकाचा भाव मिळत नाहीं आणि न पिकविणाऱ्याला मातीचा भाव मिळतो, असें झालें कीं समजावें, घडी उलटी बसली आहे.

२०२० पासून स्वामित्व योजनेंत गांवठाणांतल्या घरांची ड्रोननें मोजणी होऊन मालमत्तापत्रें मिळूं लागलीं. हा कागद मोलाचा आहे. तो जरूर घ्या आणि त्यावर घरच्या बाईचें नांव लावून घ्या. पण त्याच कागदावर कर्जही निघतें. सातबारा गहाण पडून वावरें गेलीं, तसें मालमत्तापत्र गहाण पडून घरें जाऊं नयेत, इतकी जाग ठेवा.

सावकाराची कथा तर संपतच नाहीं. जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हां सावकार आणि कारकून ओळखूं येत होते. आज तो ओळखूं येत नाहीं, कारण तो पुष्कळदां आपल्याच जातीचा, आपल्याच भावकींतला, आपल्याच सभेंत टाळ्या घेणारा असतो. ब्राह्मणेतर चळवळ म्हणजे एका लुटारूच्या जागीं दुसरा आपला लुटारू बसविणें नव्हे. १९ मार्च १९८६ रोजीं आपल्या जिल्ह्यांतील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनीं बायकोमुलांसह जीवन संपविलें. त्यानंतर विदर्भांत किती घरांतले कर्ते गेले याची गणती करतांना पेन्सिल थरथरते. २००६ सालीं पंतप्रधान येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटींचें पॅकेज झालें. २००८, २०१७, २०१९ सालीं कर्जमाफ्या झाल्या. माफीनें जुनें खातें पुसतें. भाव तोच राहिला तर नवें खातें पुन्हां उघडतें.

तरी कायदा मुळींच नाहीं असें नाहीं. महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ सालचा आहे. परवान्यावांचून सावकारी करणें गुन्हा आहे. शेतकऱ्याला दिलेल्या कर्जावर परवानाधारकालाही तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि नसेल तर १२ टक्के, याहून अधिक व्याज घेतां येत नाहीं. बेकायदा सावकारानें कर्जापोटीं वावर लिहून घेतलें असेल आणि त्या खरेदीखताला पंधरा वर्षें झालीं नसतील, तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून तें परत मागतां येतें. हें ज्याला वाचतां येतें त्यानें न वाचणाऱ्याला आज रात्रीं ओट्यावर वाचून दाखवावें.

कोणी म्हणेल, कास्तकारच उधळ्या आहे. लग्नांत मांडव घालतो आणि मग रडतो. या बोलण्यांत दहा आणे खोटें आहे आणि सहा आणे खरें. दहा आणे खोटें अशासाठीं, कीं वरच्या गणितांत लग्नाचा एक पैसाही धरलेला नव्हता, तरी हातीं कांहीं उरलें नाहीं. सहा आणे खरें अशासाठीं, कीं डी.जे. आणि पांचशे पंगतींचें कर्ज कोणीही अमेरिकेहून पाठविलेलें नाहीं. सत्यशोधक समाजानें १८७३ पासून साध्या लग्नाची वाट घालून दिली. त्या वाटेवर गवत वाढूं दिलें कोणी?

तेव्हां सरकारपाशीं आमचें मागणें असें. कापसाच्या जकातीचा जो निर्णय करायचा तो पेरणीच्या आधीं जाहीर करावा आणि वेचणीच्या महिन्यांत बदलूं नये. खरेदी केंद्रें दिवाळीच्या आधीं उघडावींत, आणि बटईदाराची नोंद ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर घ्यावी. घरकुलाची रक्कम सिमेंट-लोखंडाच्या भावाबरोबर दरसाल वाढावी. दर पांचदहा गांवांमागें कापसाचें एक गोदाम असावें आणि त्याच्या पावतीवर बँकेनें उचल द्यावी. आणि यवतमाळचा कापूस यवतमाळांत कांतला-विणला जावा.

आपल्या लोकांपाशींही मागणें आहे. सरकार ऐकेपर्यंत हात बांधून बसूं नका. दहा घरांनीं मिळून एक कांटा विकत घ्या. घरीं वजन केल्यावांचून बोंदरीला हात लावूं देऊं नका. माल एकेकट्यानें विकूं नका, दहांनीं एकत्र विका. पोराला चौथींत हिशेबाची वही धरायला लावा आणि घरचा जमाखर्च त्याच्याच हातून लिहून घ्या. वेचणीच्या दिवसांत त्याला, आणि विशेषतः पोरीला, शाळेंतून काढूं नका. आज वांचलेली दहा रुपये किलोची मजुरी उद्यां तिच्या अडाणीपणाच्या रूपानें व्याजासह फेडावी लागते. घर बांधाल तर आपल्या ऐपतीचें बांधा, आणि दार-चौकट तरी आपल्या गांवच्या सुताराकडून घ्या.

न्यूयॉर्कचा सौदा आपल्या हातांत नाहीं. पण घरचा कांटा, घरची वही आणि शेजाऱ्याचा हात, हें तरी आपल्या हातांत आहे. ज्या दिवशीं आपल्याला हंगामांत दोन महिने थांबतां येईल, त्या दिवशीं व्यापारी आपल्या दारांत भाव विचारायला येईल, सांगायला नव्हे. तोंवर आमच्या बहुजन बंधूभगिनींनीं आपल्या भिंतीकडे रोज एकदां पाहावें आणि ती कोणाच्या हुकुमानें अर्धवट राहिली आहे, हें विसरूं नये.